निर्गुडीच्या शेकाची परीक्षा कोण घेणार?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वाहनात चढवणे हेच त्यांचे जीवन होऊन बसते. या कामाने कंबर, गुडघे, मान आणि खांदे यांची काय दशा होते हे सांगायला वैद्यकाच्या ज्ञानाची गरज नाही. रात्री कोपीवर परतलेला मजूर जवळच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो, ती चहाबरोबर घेतो आणि पहाटे पुन्हा कोयता हाती घेतो. गोळी एकदा घेतली तर बहुधा बिघडत नाही. परंतु घाम गाळून शरीरातील पाणी कमी झालेल्या माणसाने डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, तर जठराला व्रण होण्याचा आणि मूत्रपिंडे दुबळी होण्याचा धोका असतो, हे वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

याच मजुराच्या आजीच्या काळी हे दुखणे निर्गुडीच्या पाल्याने शेकले जाई. ओढ्याच्या काठावरून पाला तोडून आणायचा, तो पाण्यात उकळायचा किंवा तव्यावर गरम करायचा आणि दुखऱ्या सांध्यावर बांधायचा. या उपचाराला पैसा पडत नसे आणि त्याने पोटात आग होत नसे. आता प्रश्न असा, की त्याने गुण येत होता काय? येत असल्यास तो पाल्याचा होता, की नुसत्या उबेचा? प्रश्न साधा आहे. त्याचे नेमके उत्तर मिळवण्याची जवळजवळ सर्व साधने एकाच जिल्ह्यात उपलब्ध आहेत आणि तरीही तो ज्या रीतीने विचारायला हवा त्या रीतीने विचारला जात नाही, हे या लेखाचे निमित्त.

जिल्ह्याच्या पदरी काय आहे?

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हा महाराष्ट्राचे लहानसे प्रतिरूप आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत मुसळधार पावसाचे अरण्य आहे. तेथील महादेव कोळी व ठाकर समाजांतील जाणत्या माणसांना झाडपाल्याची जी ओळख आहे, ती पदवीधर वनस्पतिशास्त्रज्ञालाही विचार करायला लावील. पूर्वेला व दक्षिणेला कमी पावसाचे माळ आहेत आणि तेथे रुई, एरंड, निर्गुडी, कांडवेल या वनस्पती बांधाबांधांवर दिसतात. 1999 साली प्रधान आणि सिंग यांनी या जिल्ह्यातील वनस्पतींची समग्र नोंद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, त्यामुळे कोणती वनस्पती कोठे उगवते याचा पाया घातला गेला आहे.

विद्येच्या बाजूनेही जिल्हा दरिद्री नाही. नगर शहरात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना केली. आयुर्वेदीय औषधांच्या गुणधर्मांवरील त्यांचा ग्रंथ वैद्यांच्या पिढ्यांनी वापरला आहे. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि विळद घाट येथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना ज्या प्रवरानगरात 1950-51 च्या हंगामात सुरू झाला, त्याच परिसरात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही उभे आहे. वनस्पती, तिचा जाणकार, वैद्य, प्रयोगशाळा, रुग्णालय आणि दुखण्याने बेजार झालेला माणूस हे सर्व एका दिवसाच्या एस.टी. प्रवासाच्या टप्प्यात आहेत. मात्र या सर्वांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

सूज वेगळी, वेदना वेगळी

पारंपरिक औषधांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष लगेच समोरासमोर उभे राहतात. पूर्वजांनी सर्व सांगून ठेवले आहे, आता परीक्षा कसली घेता, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाला पाल्याच्या नावानेच हसू येते. वास्तविक परीक्षा घेण्याची वृत्ती आपल्या परंपरेला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे पन्नास गण सांगितले आहेत. त्यांत सूज उतरवणारा श्वयथुहर गण निराळा, वेदना शमवणारा वेदनास्थापन गण निराळा आणि अंग मोडून येते ते थांबवणारा अंगमर्दप्रशमन गणही निराळा आहे. श्वयथुहर गणातील दहा वनस्पती म्हणजेच आपले दशमूळ. सूज, वेदना आणि अंगदुखी या तीन भिन्न गोष्टी आहेत व त्यांची औषधे भिन्न असू शकतात, हा विवेक ज्यांनी केला ते केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबणारे नव्हते.

आजच्या प्रयोगशाळेतही हाच भेद पाळला जातो. सुजेसाठी 1962 साली विंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत जगभर वापरली जाते. लाल समुद्री शेवाळापासून काढलेल्या कॅराजिनन नावाच्या पदार्थाचे एक टक्का द्रावण, एक दशांश मिलिलिटर, उंदराच्या मागच्या पंजात टोचतात. पंजा सुजू लागतो. तीन ते पाच तासांत सूज कळसाला पोहोचते. त्याआधी काही उंदरांना वनस्पतीचा अर्क, काहींना डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिनसारखे प्रमाणित औषध आणि काहींना नुसते पाणी दिलेले असते. दर तासाला पंजाचे आकारमान मोजायचे आणि कोणत्या गटातील सूज किती कमी राहिली ते पाहायचे. पहिल्या तासा-दीड तासाची सूज मुख्यतः हिस्टामिन व सेरोटोनिन या द्रव्यांमुळे येते आणि पुढची प्रोस्टाग्लँडिनमुळे. त्यामुळे अर्क कोणत्या टप्प्यावर काम करतो याचाही अंदाज बांधता येतो.

वेदनेसाठी निराळ्या कसोट्या आहेत. सुमारे 55 अंश उष्ण तबकडीवर ठेवलेला उंदीर किती सेकंदांनी पाय उचलतो किंवा चाटतो, हे पाहण्याची रीत 1944 पासून चालत आली आहे. मेंदू व मज्जारज्जूवर काम करणारी औषधे तेथे ओळखू येतात. पोटात सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल टोचल्यावर लहान उंदीर किती वेळा अंग आक्रसतो ही दुसरी कसोटी. ती अधिक संवेदनशील आहे खरी, पण तितकीच फसवीही. वेदनाशामक नसलेले, केवळ स्नायू शिथिल करणारे किंवा गुंगी आणणारे द्रव्यही तेथे उत्तीर्ण होऊन जाते. म्हणून एकाच कसोटीच्या आधारे एखाद्या वनस्पतीला वेदनाशामक म्हणणे हे अर्धवट काम होय.

पंजापासून गुडघ्यापर्यंत

असे प्रयोग आपल्या राज्यातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून पदव्युत्तर प्रबंधांसाठी वर्षानुवर्षे चालत आले आहेत. त्यांची हेटाळणी करण्याचे कारण नाही. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते आणि विद्यार्थी कष्ट घेतात. मात्र पुष्कळदा प्रबंधाची शेवटची ओळ ठरलेली असते: अमुक अर्कात लक्षणीय दाहशामक गुण आढळला. त्यानंतर प्रबंध बांधला जातो, पदवी मिळते आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी नवी वनस्पती घेऊन तोच प्रयोग पुन्हा करतो.

येथे थोडा हिशेब मांडून पाहावा. उंदराला शरीराच्या दर किलो वजनामागे 400 मिलिग्रॅम अर्क दिला, ही अशा प्रयोगांतील नेहमीची मात्रा. उंदराची मात्रा माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाही. शरीराचा पृष्ठभाग विचारात घेणाऱ्या रूढ हिशेबाने तिला सुमारे 6 ने भागावे लागते. तरीही 60 किलो वजनाच्या माणसाला जवळपास 4 ग्रॅम अर्क लागेल. दर शंभर ग्रॅम वाळलेल्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर हा 40 ग्रॅम वाळलेला पाला झाला आणि तोही रोज. एवढा पाला कोणतीही आजीबाई कोणाला खाऊ घालीत नव्हती.

याहून मूलभूत विसंगती निराळीच आहे. गावात निर्गुडीचा उपयोग मुख्यतः बाहेरून होतो. तिचा शेक देतात, वाफ देतात, तेल चोळतात. प्रयोगशाळेत मात्र तिच्या पानांचा अर्क, पुष्कळदा अल्कोहोलमध्ये काढलेला, उंदराच्या तोंडावाटे पोटात जातो. श्रीलंकेतील संशोधकांनी 2003 साली निर्गुडीच्या पक्व, ताज्या पानांचा पाण्यातील अर्क उंदरांना देऊन त्यात दाहशामक व वेदनाशामक गुण असल्याचे दाखवले. अल्कोहोलऐवजी पाणी वापरल्यामुळे ते लोकांच्या रीतीच्या अधिक जवळ गेले, तरी तो अर्कही तोंडावाटेच दिलेला होता. लोक जे करतात त्याची परीक्षा आणि आपण जी परीक्षा घेतो ती, यांत असे अंतर पडले की निष्कर्ष कितीही अचूक असला तरी तो मूळ प्रश्नाचे उत्तर ठरत नाही.

महाराष्ट्रानेच घालून दिलेला धडा

रुग्णापर्यंत जाण्याची वाट कशी असते हे आपल्याला परदेशातून शिकायला नको. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उपयोग रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर करून त्याचा वृत्तांत 1949 साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि या देशाची जुनी मुळी जगाच्या औषधसंग्रहात जाऊन बसली. सर्पगंधेतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले गेले ते त्यानंतर, 1952 साली. आधी रुग्णाचा अनुभव काळजीपूर्वक नोंदवायचा आणि मग रसायनाचा शोध घ्यायचा, असा हा क्रम होता.

सांधेदुखीच्या बाबतीतही महाराष्ट्रात असे काम झाले आहे. अश्वगंधा, सालईचा डिंक, हळद आणि जस्ताचे भस्म यांच्या मिश्रणाची सांध्यांच्या झिजेच्या 42 रुग्णांवरील चाचणी पुण्याच्या संशोधकांनी 1991 साली प्रसिद्ध केली. प्रत्येक रुग्णाला काही काळ औषध आणि काही काळ हुबेहूब दिसणारी निर्गुण गोळी दिली गेली. कोणत्या वेळी काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि त्याची तपासणी करणाऱ्यालाही. वेदना लक्षणीय प्रमाणात कमी झाली, मात्र क्ष-किरण चित्रांत फरक दिसला नाही आणि संशोधकांनी ही दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली. नागपूरच्या संशोधकांनी सालईच्या अर्काची अशीच चाचणी गुडघेदुखीच्या 30 रुग्णांवर घेतली आणि ती 2003 साली प्रसिद्ध झाली. तेथेही वेदना घटली, चालण्याचे अंतर वाढले, परंतु क्ष-किरण चित्र तसेच राहिले.

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेली चाचणी याहून मोठी होती. तिच्यात 440 रुग्ण होते आणि मुदत 24 आठवड्यांची. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांचा समावेश असलेल्या पाठांची तुलना सेलेकॉक्सिब या आधुनिक गोळीशी व ग्लुकोसमाइनशी करण्यात आली आणि आयुर्वेदीय पाठ त्यांच्या तोडीचे ठरले. त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एका घटकाचे प्रमाण वाढल्याचे आढळले, काहींचे औषध थांबवावे लागले आणि ते थांबवल्यावर प्रमाण पूर्ववत झाले. औषधाचा गुण सांगताना त्याचा दोषही त्याच लेखात सांगणे, हीच खऱ्या परीक्षेची खूण होय.

निरुपद्रवी म्हणजे काय?

गुळवेलीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. 2021 साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तीवर आक्षेप घेतला आणि रुग्णांनी सेवन केली ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा प्रश्न उपस्थित केला. वाद कोणी जिंकला हे आपल्या दृष्टीने गौण आहे. वेलीचा वाळलेला तुकडा जतन करून, जाणकाराकडून त्याची ओळख पटवून ठेवली असती, तर हा वाद उद्भवलाच नसता, हे महत्त्वाचे. रास्नेच्या बाबतीत तर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती त्याच एका नावाने विकल्या जातात. नावाने ग्रंथातील गुण आठवतात, पण बाटलीत काय आहे ते नावावरून कळत नाही.

झाडपाल्याने अपाय होत नाही, ही समजूत म्हणूनच सोडून दिली पाहिजे. सापसंद ऊर्फ ईश्वरी या वेलीच्या कुळातील वनस्पतींत असणारे एक आम्ल मूत्रपिंडांची हानी करते व कर्करोगालाही कारण ठरते, हे 1990 नंतर बेल्जियममधील रुग्णांवरून जगाला कळले. आपला बिब्बा योग्य हाती औषध आणि अयोग्य हाती अंगावर फोड आणणारा. शिवाय बाजारात सांधेदुखीवर जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. अशा पुडीने चार दिवसांत गुडघा हलका होतो, चेहऱ्यावर तजेला आल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी त्या तजेल्याची सूज होते. दोष मात्र वनस्पतीच्या माथी लागतो.

एक चाचणी करून पाहावी

आता जिल्ह्यापुरते काय करता येईल? पन्नास वनस्पतींच्या मागे धावण्यापेक्षा पाच वर्षे एकाच वनस्पतीचा पाठपुरावा करावा, आणि ती निर्गुडी असावी. ती मुबलक आहे. तिची पानेच लागतात, मुळे खणावी लागत नाहीत, त्यामुळे दशमुळातील झाडांवर जी संक्रांत येते ती हिच्यावर येणार नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी अकोल्याचा पाला आणि पाथर्डीचा पाला, पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील, असे नमुने गोळा करून त्यांची ओळख पटवून ठेवावी. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांनी त्यांतील द्रव्यांचे प्रमाण मोजावे. राहुरीच्या विद्यापीठाने लागवडीचा विचार करावा. आयुर्वेद महाविद्यालयाने शेकाची शास्त्रोक्त रीत ठरवून द्यावी.

मग एखाद्या रुग्णालयाने, नैतिक समितीची परवानगी घेऊन व देशाच्या चाचणी-नोंदणीत आधी नाव घालून, गुडघेदुखीच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाला निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि दुसऱ्याला तितक्याच उष्ण, तितक्याच वेळच्या साध्या पाण्याचा शेक द्यावा. निर्गुडीचा वास लपत नाही, त्यामुळे आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला कळणार हे मान्य करावे लागेल. परंतु सहा आठवड्यांनी गुडघा किती वाकतो, रुग्ण किती चालतो आणि त्याने मधल्या काळात किती गोळ्या घेतल्या, हे मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातले आहे हे कळू न देणे सहज शक्य आहे. या चाचणीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. पातेले, चूल, उष्णतामापक, मोजपट्टी, नोंदवही आणि प्रामाणिक माणसे एवढीच तिची सामग्री आहे.

तिचे उत्तर नकारार्थी येण्याची तयारी मात्र हवी. दोन्ही गटांना सारखाच गुण आला, तर निर्गुडीचा गौरव थोडा उणावेल. पण गरम पाण्याचा शेक उपयोगी पडतो आणि त्याने गोळ्यांची संख्या घटते, एवढे कळले तरी कोपीवरच्या बाईला ते अमूल्य ठरेल. असा नकारही प्रसिद्ध झाला पाहिजे. लपवलेल्या अपयशामुळे पुढच्या संशोधकाची वर्षे आणि उंदरांचे जीव वाया जातात.

दोन पथ्ये या कामात पाळावी लागतील. पहिले असे, की ज्या समाजांनी हे ज्ञान जपले त्यांचा त्यावरील हक्क मान्य करावा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या व नोंदवह्यांची तरतूद केली आहे आणि व्यापारी लाभातील वाट्याचे तत्त्वही घालून दिले आहे. अकोल्यातील जाणत्यांच्या नोंदी घेणाऱ्याने त्या मराठीत लिहून गावाला परत दिल्या पाहिजेत. दुसरे पथ्य असे, की मजूर गरीब आहे म्हणून त्याला प्रयोगाचे सोपे साधन समजू नये. चाचणी काय आहे हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे, नकार देण्याची मोकळीक द्यावी आणि चाचणी संपल्यावर तिचे फलित त्याला आधी सांगावे.

हे सर्व केल्यावरही एक गोष्ट उरते आणि ती दृष्टीआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. डोक्यावर मोळी घेऊन दिवसातून किती वेळा ती फळी चढायची, याचे उत्तर कोणत्याही पाल्यात नाही. ते मजुरी, विश्रांती आणि वाहनात ऊस भरण्याची यंत्रे यांच्या प्रश्नांशी बांधलेले आहे. निर्गुडी निर्विवाद गुणकारी ठरली तरी ती त्या ओझ्याला पर्याय होणार नाही. परंतु ओझे उतरेपर्यंत दुखणे थांबत नसते. तोवर गोळी घ्यावी की शेक, एवढे तरी त्या माणसाला विश्वासाने सांगता यावे. ज्या जिल्ह्याने सहकाराच्या बळावर साखर कारखाना उभा करून दाखवला, त्याच्या महाविद्यालयांना आणि रुग्णालयांना एका पाल्याच्या परीक्षेसाठी एकत्र येणे जड जाऊ नये.